शेंडी, झगा आणि तहनामा : हडसन टेलरची चीनची दुसरी वारी

मंडळी, आजचा विषय चीनचा आहे आणि माणूस इंग्रज आहे. मराठी व्याख्यानमालेत हे कुठून उपटले, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल तर तो रास्तच आहे. पण थोडा धीर धरा. वाटेत मुंबई लागते, आणि शेवटी शेवटी केडगावही लागते.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवले. इतिहास हा आमचा शेजारी, त्याच्याकडे आम्ही साखर मागायला जातो एवढेच. त्यामुळे आज सनावळ्या कमी आणि एक प्रश्न जास्त, असे होणार आहे. प्रश्न असा : एखादा तरुण परमुलखात पहिल्यांदा जातो, तेव्हा त्याला तिथले काही ठाऊक नसते. त्याच्या चुका आपण अजाणतेपणाच्या खात्यावर टाकतो. पण तोच माणूस मायदेशी परत येतो, पाच-सहा वर्षे विचार करतो आणि सगळे समजून-उमजून पुन्हा निघतो, तेही आधीच्या ठिकाणी नाही तर त्याहून आतल्या, नव्या मुलखात. आता त्याच्या जाण्याचा हिशेब कसा मांडायचा? ज्या दरवाजाने तो आत शिरतो, तो दरवाजा कोणी आणि कशाने उघडला, याची जबाबदारी त्याच्यावर येते की नाही?

जेम्स हडसन टेलर हा यॉर्कशायरमधल्या बार्न्सली गावचा. जन्म 21 मे 1832. वडील औषधांचे दुकानदार, आणि रविवारी मेथडिस्ट पंथाचे प्रवचनकार. पोरगा प्रकृतीने किरकोळ. चीनला जायचे हे डोक्यात पक्के बसलेले, म्हणून डॉक्टरकी शिकायला घेतली. ती पुरी व्हायच्या आतच एका लहानशा संस्थेने त्याला पाठवून दिले, कारण चीनमध्ये ताइपिंगांचे बंड पेटले होते आणि हे बंडवाले म्हणे ख्रिस्ताचे नाव घेतात, अशी बातमी लंडनला पोचली होती. सप्टेंबर 1853 मध्ये जहाज लिव्हरपूलहून सुटले, 1 मार्च 1854 रोजी हा शांघायला उतरला. वय एकवीस. शहरात लढाई चालू, राहायला घर नाही, आणि संस्थेकडून पैसे कधी येतील याचा भरवसा नाही.

त्या काळी गोऱ्या माणसाला चीनमध्ये पाच बंदरे मोकळी होती, 1842 च्या नानकिंगच्या तहाने. त्यांत शांघाय एक, निंगबो दुसरे. बंदराबाहेर मुक्कामाने राहायचे नाही. टेलर मात्र नदीनाल्यांतून होडीने आत आत जायचा, औषधे द्यायचा, पुस्तके वाटायचा. गर्दी जमायची खरी, पण ती बटणे, बूट आणि काळा कोट बघायला. सांगणारा काय सांगतो याकडे लक्षच नाही. आमच्यासारख्या जन्मभर वर्गात उभे राहिलेल्या माणसाला हे दुःख फार कळते.

तेव्हा ऑगस्ट 1855 मध्ये त्याने डोके पुढून तासून घेतले, मागे चिनी पद्धतीची लांब वेणी लावली आणि पायघोळ झगा चढवला. पेशवाईतला घेरा आणि शेंडी डोळ्यांपुढे आणा, म्हणजे चित्र बरोबर उमटेल. फक्त शेंडी वेणीसारखी विणून पाठीवर सोडलेली. केस मुळात भुरे, ते काळे रंगवावे लागले. वेणी आपली वाढेपर्यंत उसनी जोडावी लागली. तासलेल्या टाळूवर घामोळे, त्यावर कलपाची आग. हे सगळे त्याने घरच्यांना पत्रांतून कळवले आहे. शांघायच्या गोऱ्या वस्तीत मात्र छी-थू झाली. साहेबाने नेटिवाच्या वेशात हिंडावे म्हणजे काय!

वेश बदलणारा हा काही पहिला नव्हे. मदुरेला 1606 नंतर रॉबर्ट द नोबिली भगवी वस्त्रे घालून, शाकाहार पाळून राहिला. आपल्याकडे ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये संन्यास घेतला; पण टिळकांचे तसे नाही, ते स्वतःच्या घरातल्या वस्त्राकडे परत आले. टेलर दुसऱ्याच्या घरातले वस्त्र घालत होता.

आणि इथे एक गंमत आहे, बरं का. ही वेणी 'चिनी' मुळी नव्हतीच. 1644 मध्ये मांचू लोकांनी बीजिंग घेतले आणि पुढच्याच वर्षी हान चिन्यांवर सक्ती केली की डोके तासा, वेणी ठेवा, नाहीतर मान जाईल. म्हणजे ती वेणी परक्या सत्तेपुढे मान तुकवल्याची खूण होती. ताइपिंग बंडवाल्यांनी आधी काय केले असेल तर वेण्या कापून केस वाढवले; सरकारी लोक त्यांना 'लांब केसवाले' म्हणत. तेव्हा आमचा हा भाबडा तरुण ज्याला चिनी जनतेचा पोशाख समजत होता, तो एका अर्थी सरकारी शिक्का होता. आपण परक्यांशी एकरूप होऊ म्हणतो तेव्हा नेमके कोणाशी एकरूप होतो, हे आपल्याला क्वचितच ठाऊक असते.

1857 मध्ये त्याने संस्था सोडली. कारण नीट लक्षात घ्या : संस्था कर्ज काढून त्याला पैसे पाठवत होती, आणि कर्जाच्या पैशावर देवाचे काम करायचे नाही असे त्याचे मत होते. पैसा कुठून येतो याची ही टोचणी आम्ही पुढे पुन्हा काढणार आहोत. जानेवारी 1858 मध्ये निंगबोला त्याने मारिया डायर हिच्याशी लग्न केले. मारिया मलाक्कात मिशनऱ्यांच्याच घरात जन्मलेली, पोरकी, मुलींच्या शाळेत शिकवणारी. शाळेच्या बाईंना हे स्थळ अजिबात पसंत नव्हते. ना पदवी, ना संस्था, वर शेंडी!

1860 मध्ये प्रकृती ढासळली म्हणून दोघे इंग्लंडला परतले. सोबत वांग लाइजुन नावाचा निंगबोचा चिनी सहकारी होता. लंडनच्या पूर्व भागात राहून टेलरने निंगबो बोलीतला नवा करार तपासून दुरुस्त केला आणि अर्धवट राहिलेली डॉक्टरकी पुरी केली. भिंतीवर चीनचा नकाशा होता. अकरा प्रांत असे, की जिथे एकही प्रोटेस्टंट मिशनरी नाही. 25 जून 1865, रविवारचा दिवस. ब्रायटनच्या समुद्रकिनाऱ्यावर फिरता फिरता त्याने मनाशी ठरवले, आणि बायबलच्या समासात टिपून ठेवले, की चोवीस माणसे हवीत : अकरा प्रांतांना प्रत्येकी दोन आणि मंगोलियाला दोन. दोन दिवसांनी बँकेत दहा पौंड भरून खाते उघडले. 'चायना इनलँड मिशन'ची सुरुवात ती ही. इनलँड म्हणजे आतला मुलूख. बंदर नव्हे.

त्याचे धर्मशास्त्र आम्हाला पटत नाही, हे सांगून टाकतो. दर महिन्याला लाखो चिनी माणसे तारणावाचून मरत आहेत, असा तो हिशेब मांडायचा आणि त्याने त्याची झोप उडायची. ज्या देशात कन्फ्यूशियस आणि झुआंगझी होऊन गेले, तिथल्या कोट्यवधींना एका झटक्यात अंधारात ढकलणारे गणित आमच्या गळी उतरत नाही. पण झोप उडणे खोटे नव्हते. आणि संस्थेचे नियम बघितले की माणूस साधा नाही हे कळते. ठरलेला पगार नाही. वर्गणी मागायची नाही. कर्ज काढायचे नाही. कारभार लंडनहून नाही, चीनमधून चालेल. सगळ्यांनी चिनी पोशाख घालायचा, बायकांनीसुद्धा. पंथ कोणताही असो, शिक्षण थोडे असले तरी चालेल.

26 मे 1866 रोजी 'लॅमरम्युअर' हे जहाज निघाले. टेलर, मारिया, चार मुले आणि सोळा नवे लोक. त्यांत एक जोडपे, पाच अविवाहित पुरुष आणि नऊ अविवाहित तरुणी. लोहार, सुतार अशी माणसे होती यात. विद्यापीठातले पंडित नव्हते. नऊ कुमारिका परदेशात, त्याही आतल्या मुलखात न्यायच्या, यावरून टेलरला पुष्कळ ऐकून घ्यावे लागले. वादळांनी डोलकाठ्या मोडलेले ते जहाज 30 सप्टेंबरला शांघायला लागले. टेलर आता चौतीस वर्षांचा.

आता दरवाजा. मधल्या काळात दुसरे अफूचे युद्ध होऊन गेले होते. 1858 चा तियानजिनचा तह, 1860 चा बीजिंगचा करारनामा. या तहांनी नवी बंदरे उघडली, परवाना घेऊन आतल्या मुलखात फिरायची मुभा परकीयांना मिळाली, ख्रिस्ती धर्माला संरक्षण मिळाले. आणि त्याच तहाला जोडून 1858 च्या नोव्हेंबरात जकातीचे जे दरपत्रक ठरले, त्यात अफूची आयात कायदेशीर झाली. म्हणजे एकाच दरवाजाने दोघे आत गेले. एकाच्या हातात बायबल, दुसऱ्याच्या डोक्यावर अफूची पेटी.

मुंबईकरांनी आता जरा सरसावून बसावे. ही पेटी कुठली? एक बंगालची, कलकत्त्याहून निघणारी. दुसरी माळव्याची, आणि ती निघायची आपल्या मुंबई बंदरातून. इंदूर-उज्जैनकडचे शेतकरी, सावकार, संस्थानिक, मुंबईचे पारशी, गुजराती, मारवाडी, बगदादी ज्यू व्यापारी, सगळ्यांचा त्यात वाटा. सर जमशेटजी जीजीभाई तरुणपणी चीनच्या सफरीवर होते. 1805 मध्ये त्यांचे जहाज फ्रेंचांनी पकडले, आणि त्याच जहाजावरचा डॉक्टर विल्यम जार्डिन याच्याशी त्यांची ओळख झाली. पुढे हा जार्डिन चीनमधला सर्वांत मोठा अफू व्यापारी, आणि जमशेटजी त्याचे मुंबईतले खंदे भागीदार. जे. जे. रुग्णालयात किती गोरगरिबांचे प्राण वाचले, त्याची मोजदाद नाही. ती पुण्याई खोटी म्हणायची का? आम्ही म्हणणार नाही. पण ते पैसे कुठून आले, हेही विसरणार नाही. फक्त इंग्रजांकडे बोट दाखवून आपल्याला मोकळे होता येत नाही, एवढे या टप्प्यावर नोंदवून ठेवू.

आणि याच जार्डिनच्या जहाजावर 1832 मध्ये कार्ल गुट्झलाफ नावाचा जर्मन मिशनरी दुभाषा म्हणून चढला होता. किनाऱ्याकिनाऱ्याने अफू विकत जाणारे ते जहाज. एका बाजूने अफू उतरते आहे, दुसऱ्या बाजूने हा धर्मपुस्तके वाटतो आहे. हाच गुट्झलाफ चिनी वेशात हिंडणारा, चीनच्या आतल्या मुलखाचा ध्यास घेतलेला. टेलरने त्याला आपल्या मिशनचा आजोबा म्हटले आहे. वारसा कसा येतो बघा. नातवाला आजोबांचा झगा हवा, जहाज नको. पण झगा त्या जहाजावरूनच आलेला.

टेलर स्वतः अफूच्या कडक विरोधात होता, यात शंका नाही. त्याचा मेहुणा बेंजामिन ब्रूमहॉल याने पुढे 1888 मध्ये अफूव्यापाराशी ब्रिटिश साम्राज्याने संबंध तोडावा म्हणून संघटना काढली आणि मरेपर्यंत ते काम केले. पण विरोध करणे वेगळे आणि त्याच तहाचा परवाना खिशात घालून फिरणे वेगळे.

आम्ही तरुणपणी तालुक्याच्या गावी शिकवत असताना विद्यार्थ्यांना घेऊन एका खेड्यात श्रमदानाच्या शिबिराला गेलो होतो. गावकऱ्यांत मिसळावे म्हणून धोतर नेसून गेलो. तिसऱ्या दिवशी एक म्हातारी म्हणाली, "गुरुजी, धोतर झाक नेसताय, पर बसताय खुर्चीवरच." खुर्ची कोणी आणून ठेवली होती, आमच्या ध्यानातही नव्हते. टेलरची खुर्ची म्हणजे तहनामा.

मंडळी हांगझोऊला पोचली, चिनी घरात चिनी पद्धतीने राहू लागली. त्यांच्यातल्या एकाला, तो लोहार होता, हा पोशाख मानवेना. शियाओशान गावी त्याने पुन्हा इंग्रजी कपडे घातले. थोड्याच दिवसांत, जानेवारी 1867 मध्ये, तिथला अधिकारी येऊन धडकला, गाव सोडा म्हणाला, आणि त्यांच्या चिनी मदतनिसाला फटके मारले. गोऱ्याला नाही. त्याला हात लावला असता तर तह आडवा आला असता. हे एवढे एकच दृश्य आम्हाला शंभर पानांच्या विवेचनापेक्षा मोलाचे वाटते. त्याच वर्षी ऑगस्टात टेलरची आठ वर्षांची मुलगी ग्रेस गेली.

मग 1868. टेलर कुटुंब आणि काही सहकारी यांगझोऊला गेले. कालव्यावरचे जुने, श्रीमंत शहर, मिठाच्या व्यापाऱ्यांचे. सगळ्यांच्या अंगावर चिनी पोशाख, हं. तरी अफवा उठली की हे परके पोरे पळवतात, त्यांच्या डोळ्यांची औषधे करतात. शहरातल्या पदवीधर, प्रतिष्ठित मंडळींनी भिंतीवर पत्रके लावून निखारे फुलवले. 22 ऑगस्टच्या रात्री जमावाने घराला आग लावली. मारिया सहा महिन्यांची गरोदर होती. तिने वरच्या मजल्यावरून उडी मारली. हेन्री रीड नावाच्या सहकाऱ्याच्या डोळ्यावर वीट बसली. टेलर मदत मागायला अधिकाऱ्याच्या कचेरीत धावला. तिथे त्याला ताटकळत ठेवले. जीव वाचले, इतकेच.

त्यानंतर जे झाले ते महत्त्वाचे. शांघायचा ब्रिटिश वकील मेडहर्स्ट लढाऊ जहाज घेऊन नानजिंगला, सुभेदार झेंग गुओफान याच्या दारात गेला. एका जहाजाने भागेना तेव्हा आरमाराची तुकडी आली. मग भरपाई ठरली, संरक्षणाचे फर्मान दगडावर कोरून लावायचे ठरले, आणि नोव्हेंबरात टेलर मंडळी यांगझोऊच्या त्याच घरात परतली. मारियाला तिथेच मुलगा झाला. लंडनला मार्च 1869 मध्ये उमरावांच्या सभेत ड्यूक ऑफ सॉमरसेटने विचारले, की चीनच्या पोटात शिरून चिन्यांना बाटवायचा आपल्याला अधिकार काय? वर्तमानपत्रांनी टेलरला झोडपले : एका हट्टी मिशनऱ्यापायी देश युद्धात ओढला जातो आहे.

टेलरचे म्हणणे, आम्ही युद्धनौका मागितलीच नव्हती. ते शब्दशः खरे असेल. त्याने वकिलाला झाल्या प्रकाराची खबर दिली होती. पण ब्रिटिश प्रजाजन वकिलाला खबर देतो म्हणजे काय होते, हे 1868 मध्ये शांघायच्या हमालालाही ठाऊक होते. मागितले नाही, पण मिळाल्यावर त्या दरवाजाने आत मात्र गेला. आमच्या मते टेलरच्या साऱ्या आयुष्यातली ही सर्वांत अवघड जागा. पहिल्या वारीतल्या एकवीस वर्षांच्या पोराला आम्ही सोडून दिले असते. दुसऱ्या वारीतल्या माणसाला नाही सोडता येत.

पुढची दोन वर्षे फार वाईट गेली. 1870 मध्ये फेब्रुवारीत एक मुलगा गेला, जुलैत नवजात बाळ गेले, आणि 23 जुलैला झेनजियांग येथे मारिया गेली. तेहेतीस वर्षांची.

मधली तीस वर्षे आम्ही गाळतो. मिशन वाढले, शेकड्यांनी माणसे आली, एकेक करत बाकीच्या प्रांतांत पोचली. सन 1900 ला बॉक्सर उठाव झाला. टेलर आजारी, स्वित्झर्लंडमध्ये. तारा येत राहिल्या. बातम्या त्याला बेताबेताने सांगाव्या लागल्या. त्याच्या मिशनची 58 मोठी माणसे आणि 21 मुले मारली गेली. चिनी ख्रिस्ती मेले ते याच्या कैक पट.

मग परकी सैन्ये बीजिंगमध्ये घुसली आणि सप्टेंबर 1901 मध्ये चीनवर पंचेचाळीस कोटी तैल चांदीचा दंड बसला. माणशी सुमारे एक तैल, असा हिशेब. इतर संस्था आपापली बिले देत होत्या. यांतले काही पैसे चांगल्या कामीही लागले, शान्सीचे विद्यापीठ त्यातूनच उभे राहिले. टेलरच्या मिशनने ठरवले, की प्राणांची आणि मालमत्तेची कसलीही भरपाई मागायची नाही, देऊ केली तरी घ्यायची नाही. सर्वांत जास्त माणसे गमावलेली प्रोटेस्टंट संस्था हीच. शेतकऱ्याच्या पाठीवरून वसूल झालेल्या त्या चांदीवर तिने पाणी सोडले.

कर्जाच्या पैशावर काम नको म्हणून संस्था सोडणारा 1857 चा तरुण आठवतो का? तो इथे पुन्हा दिसतो. यांगझोऊला भरपाई ठरली होती, तिथे तो दिसला नव्हता. यातून टेलर निर्दोष ठरतो असे आम्ही म्हणत नाही. ज्या तहाने आत आलो तो तह काही परत करता येत नाही. पण त्या तहाखाली जो पैसा पदरात पडत होता तो नाकारता येतो, आणि तेवढे त्यांनी केले. उशिरा केले, 79 जिवांनंतर केले.

आता केडगाव. पंडिता रमाबाईंनी आपल्या आत्मनिवेदनात लिहून ठेवले आहे, की ब्रिस्टलच्या अनाथालयाचे जॉर्ज म्युलर, न्यू हेब्रिडीजचे जॉन पेटन आणि या चायना इनलँड मिशनची हकिगत, ही तीन पुस्तके वाचून त्या हलून गेल्या. तोवर शारदासदन बोस्टनच्या मंडळींच्या दहा वर्षांच्या मदतीवर चालले होते. ती मुदत 1898 मध्ये संपत होती, आणि दुष्काळात आणलेल्या शेकडो मुली केडगावला बाईंच्या पदरात होत्या. मुक्तिसदन कोणाच्या ठरीव वर्गणीवर अवलंबून न ठेवता चालवायचे, हे बळ त्यांना या वाचनातून आले. गंमत बघा. इंग्लंडमध्ये असताना क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नको, म्हणून ज्या बाई मठातल्या भगिनींशी भांडल्या, त्यांनी टेलरकडून झग्याचा धडा घेतला नाही. त्यांना त्याची गरजच नव्हती. साडी आणि भाकरी त्यांची आपलीच होती. त्यांनी पैशाचा धडा घेतला.

टेलर 1905 मध्ये शेवटचा चीनला गेला आणि 3 जूनला हुनान प्रांतात, चांगशा येथे वारला. प्रोटेस्टंट मिशनऱ्यांना सर्वांत उशिरा थारा देणारा प्रांत तो. त्याचे शव मात्र तिथे ठेवले नाही. नदीने खाली नेले आणि झेनजियांगला मारियाशेजारी पुरले. झेनजियांग हे 1858 च्या तहाने उघडलेले बंदर.

आता प्रश्न घेऊ. ध्वनिवर्धक जरा मागच्या रांगेकडे द्या.